पायडलवरची घंटी

रिठदहून रिसोडला जाणारी सायकल आपल्या एकट्याच्या पायांवर चालते, याबद्दल जानरावला तिळमात्र शंका नव्हती. हे तो सकाळी चहा पिताना बायकोला सांगे, दुपारी कचेरीत बाकीच्या शिपायांना सांगे आणि संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात जो कोणी समोर सापडेल त्याला सांगे. सांगताना तो इतका तापायचा की समोरच्याला वाटावं, सायकल मागून आपणच ओढून धरली आहे.

तसा जानरावला राग येत नसे. येण्यासाठी आधी जावं लागतं, आणि त्याचा राग कुठे जातच नव्हता. उन्हाळा असला की उन्हावर, वारा असला की वाऱ्यावर, आणि काहीच नसलं तर 'आज काहीच कसं नाही' म्हणून. रेल्वेचा तो मोठा संप झाला त्या सालची ही गोष्ट. वाशीमच्या स्टेशनात गाडी येईना म्हणून लोक चिडले होते. जानराव जन्मात गाडीत बसला नव्हता, तरी तो त्यांच्यापेक्षा जास्त चिडला होता. पण त्याच्या रागाचं घरचं, हक्काचं ठिकाण म्हणजे त्याचा साडू, पंजाबराव.

या दोघांत सायकल एकच होती, आणि ती तशी असण्याचं कारण त्यांचा सासरा पुंजाजी. पुंजाजीने आपल्या दोन्ही पोरींची, अंजनाची आणि वच्छलाची, लग्नं एकाच दिवशी एकाच मांडवात लावून दिली. जावयांना काय द्यायचं हा प्रश्न निघाला तेव्हा म्हातारा म्हणाला, "दोघंबी एकाच गावचे, दोघंबी कामाले रिसोडातच जाता. मंग दोन सायकली कायले? एकीवर बसा." जानराव थोरला जावई, म्हणून तो पुढे सीटवर बसला. पंजाबराव धाकटा, म्हणून मागे कॅरिअरवर. मांडवातून निघताना जे बसले ते बसलेच.

आता आमच्या भागात डबलसीट म्हणजे मागच्याने गाठोड्यासारखं बसायचं असं नसतं. पुढच्याने पायडलच्या आतल्या अंगाला पाय ठेवायचा आणि मागच्याने पाय लांबवून बाहेरच्या अंगाला चवड्याने दाबायचं. एक पायडल, दोन पाय. सायकल दोघांची, तर घामही दोघांचा. आता त्यातला किती कोणाचा, हे कोणाला दिसत नाही, आणि सगळं भांडण तिथंच होतं.

"पंजाब, दाबून राह्यला ना बे?" जानराव चढावर विचारायचा.

"दाबून राह्यलो ना भाऊ," मागून उत्तर यायचं.

एके दिवशी समोरून वारा होता. जानराव दातओठ खात सायकल रेटत होता. चपलांचे तळवे झिजून पायडलचं लोखंड थेट पायाला लागत होतं. साडूच्या चपला मात्र अजून बाजारातून आणल्यासारख्या! त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मागून उत्तर आलं नाही. मागून घोरण्याचा आवाज आला.

जानरावने असा ब्रेक मारला की पंजाबराव त्याच्या पाठीवर आदळून जागा झाला. जागा होता होता म्हणाला, "दाबून राह्यलो ना भाऊ."

त्या दिवशी कचेरीत जानरावने कोणाला पाण्याचा पेलासुद्धा सरळ दिला नाही. मी तहसीलच्या गावाला जातो, हा झोपेच्या गावाला जातो, आणि दोघांना नेतो कोण, तर मी! पंजाबराव डाळमिलीत दिवसभर पोती वाहतो, त्याला झोप येणारच, हे जानरावला त्याच्या बायकोने, अंजनाने, कितीदा तरी सांगितलं होतं. पण जानरावचा राग एकदा बसला की जागा द्यायचा नाही.

पुराव्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवून तो लखीरामकडे गेला. लखीराम तांड्यावरचा माणूस, फाट्यावर सायकली दुरुस्त करायचा. काम चांगलं करायचा, पण निम्मा वेळ हसण्यात घालवायचा.

"मले असं काही बनवून दे," जानराव म्हणाला, "का मागचा मानूस पायडलवर जोर लावून राह्यला का नाही, ते समजलं पाह्यजे."

लखीराम आधी पोट धरून हसला. मग कामाला लागला. उजव्या बाजूच्या क्रँकचं, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला फिरतं त्या लोखंडी दांड्याचं, जुनं पायडल त्याने काढलं आणि तिथे लाकडाचं चांगलं रुंद पायडल बसवलं. त्याच्या बाहेरच्या अंगाला एकावर एक दोन फळ्या, मध्ये जुन्या सीटमधली स्प्रिंग, आणि खालच्या फळीला सायकलची घंटी अशी आवळली की वरची फळी जोरात दबली की घंटीचा खटका दबावा.

"पाह्य भाऊ," लखीरामने हाताने फळी दाबली. ट्रिंग. "दाबलं का वाजते. मंग फळी वर आली पाह्यजे, तवा पुन्हा दाबलं का पुन्हा वाजते. नुसता पाय ठेवला त मुकी. तुमच्या पायाखालीबी एक लावू काय?"

"माह्या पायाले घंटी? मी काय बैल हाये?"

दुसऱ्या दिवशी 'नवं पायडल टाकलं' एवढंच साडूला सांगून जानराव निघाला. त्याच्या मनात आनंद मावत नव्हता. आज घंटी वाजणार नाही, आणि उद्या आपण जगाला ओरडून सांगणार.

फाटा ओलांडला आणि मागून ट्रिंग ऐकू आलं.

जानरावने सायकल बाजूला घेतली. कोणी पुढे गेलं नाही. पुन्हा ट्रिंग. जानरावने आणखी बाजूला घेतली. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. आता मात्र त्याची सटकली. "जाय ना बे पुढं! रस्ता काय तुह्या बापाचा हाये?" मान न वळवता तो ओरडला. घंटी थांबेना. आपली घंटी वाजणारच नाही याची त्याला इतकी खात्री होती की ही आपलीच असेल हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शेवटी त्या आगाऊ माणसाला वाट देण्यासाठी त्याने सायकल इतकी कडेला घेतली की दोघंही सायकलीसकट बाभळीत गेले.

"मागं कोन व्हता?" काटे उपटत जानरावने विचारलं.

"मागं त मीच व्हतो भाऊ," पंजाबराव डोळे चोळत म्हणाला.

"तू झोपेत व्हता. तुले काय दिसते!"

संध्याकाळी तो लखीरामच्या अंगावर धावून गेला. "रस्ताभर एक हलकट मागं घंटी वाजवत व्हता, त्याच्या आवाजात आपली घंटी वाजली का नाही तेच समजलं नाही. मोठ्या आवाजाची लाव." लखीरामने त्याच्याकडे बघितलं, तोंड फिरवलं, आणि बराच वेळ त्याची पाठ हलत राहिली.

ते हसणं जानरावला झोंबलं. तो तसाच हॉटेलात गेला आणि बाकावर उभा राहून सगळ्यांदेखत बोलला. "या ऐतवारी चढावर सायकल चालवतो. घंटी वाजली नाही, तर सायकल माह्या एकट्याची. पंजाब पायी जाईन नाहीतर कसाबी जाईन."

"अन् वाजली तर?" कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं.

"वाजली तर मी जलमभर कॅरिअरवर बसतो."

हे बोलायला त्याला काहीच वाटलं नाही. पण भिंतीपलीकडे पंजाबरावच्या घरात त्या रात्री जेवणं झाली नाहीत. सकाळची पहिली एसटी रिसोडला पोचायच्या आधी डाळमिलीचं फाटक बंद व्हायचं. पायी गेलं तर तिथे पोचेपर्यंत अंगात पोतं उचलायचं बळ राहायचं नाही. सायकल गेली की मिल गेली, इतका सरळ हिशेब होता. सकाळी वच्छला हातपंपावर अंजनाला म्हणाली, "ताई, तुह्या नवऱ्याच्या रागापायी माह्या लेकराच्या तोंडचा घास जाईन," आणि तिची घागर भरायची थांबली नाही. दोघी बहिणी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींशी न बोलता पाणी घेऊन घरी आल्या.

पंजाबराव भांडायला आला नाही. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "भाऊ, सायकल ठेवा लागली त ठेवा. मले झोपाळू म्हना, मी हाये. पन मी तुमच्या जिवावर फुकट बसतो म्हनता, ते मले लई लागलं."

जानरावला क्षणभर कसंतरी झालं. पण कसंतरी होण्याचाही त्याला रागच आला.

रविवारी पुंजाजीला त्याच्या गावाहून बोलावून आणलं. ज्याने सायकल दिली तोच निकाल देईल, असं पंचांनी विहारासमोर बसून ठरवलं होतं. म्हातारा धोतराचा सोगा सावरत सायकलीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "घंटी एकाच जवायाले कशी? मी काय एकालेच जवाई केलं व्हतं? दोघायलेबी लावा."

"मले कायले बाबा?" जानराव उसळला. "माह्या घामानं हे सायकल चालते, हे साऱ्या गावाले माईत हाये."

"मंग वाजू द्या ना. भेता काय?"

भिण्याचं नाव काढल्यावर जानरावपुढे दुसरा रस्ता नव्हता. लखीरामने पायडलच्या आतल्या अंगालाही तसल्याच फळ्या आणि दुसरी घंटी बसवली. पंजाबरावची घंटी लखीरामने बदललीच नव्हती, ती जुनीच, बारीक आवाजाची होती. जानरावची खणखणीत, दुधवाल्याच्या सायकलीवर असते तसली. ती त्याने स्वतः निवडली होती.

गावापुढच्या चढाला सायकल लागली. चढावर सायकलीचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच, त्यामुळे पुंजाजी, लखीराम, दोघी बहिणी आणि निम्मं गाव बाजूने चालत निघालं. जानराव सीटवर बसला, फळीवर पाय ठेवून त्याने दणका दिला. ट्रँग! काय आवाज होता. जानरावने लोकांकडे असं पाहिलं की ऐका आता.

लोकांनी ऐकलं. ट्रिंग, बारीक घंटी वाजली. पायडल एक फेरा फिरून आलं. ट्रिंग. पुन्हा फेरा. ट्रिंग. जानरावची घंटी एकदा वाजली ती वाजली, मग तिने तोंड उघडलं नाही.

जानरावने आणखी जोर लावला. कपाळाच्या शिरा फुगल्या, दात करकरले, हँडल त्याच्या मुठीत वाकतं की काय असं वाटलं. ट्रिंग, मागची घंटी म्हणाली. पुढची गप्प.

"घंटी बिघडली!" तो सायकलवरून उडी मारून ओरडला. लखीरामने हाताने फळी दाबली. ट्रँग. सोडली, पुन्हा दाबली. ट्रँग.

"मंग हे दोन्ही अदलाबदल कर. तुमी सगळे मिळालेले आहा."

लखीरामने घंट्यांची अदलाबदल केली. आता पंजाबरावच्या पायाखाली खणखणीत आणि जानरावच्या पायाखाली बारीक. सायकल निघाली. जानरावची बारीक घंटी एकदा किणकिणली आणि मिटली. मागून ट्रँग, ट्रँग, ट्रँग सुरू झालं, इतकं जोरात की पुढे चरणारी म्हैस रस्ता सोडून शेतात गेली.

"बाभळीत पडलो तवा माह्या उजव्या पायाले लागलं व्हतं," जानराव म्हणाला. "डाव्या अंगाले लाव."

लखीरामने सगळा संच डाव्या पायडलवर बसवला. ऊन तापलं होतं, लोक शेताच्या धुऱ्यावर बसले, कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा काढल्या. सायकल पुन्हा निघाली आणि पुन्हा तेच झालं. यावेळी तर बाजूने चालणाऱ्या कोणीतरी कॅरिअरकडे वाकून पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "अजी, पंजाबराव त झोपला." झोपला होता खरा. आठवडाभराची पोती आणि त्यात दोन दिवसांची काळजी, डोळा लागला होता त्याचा. मान छातीवर पडली होती, आणि पाय मात्र खाली जात होते, वर येत होते, खाली जात होते. ट्रँग. ट्रँग.

जानरावने मान वळवून पाहिलं. जागेपणी हरलो असतो तर गोष्ट वेगळी. हा गडी झोपेत जिंकत होता!

तेवढ्यात पुंजाजी रस्त्यातच वाकला. म्हातारा चालत्या सायकलीच्या डाव्या बाजूला, पायडलशी तोंड नेऊन, तिरका तिरका चालू लागला. "थांबू नका जवाईबापू, चालवा," तो म्हणाला. मग त्याने लोकांना हाताने बोलावलं. "पाहा बरं. पंजाबरावची फळी पाहा. खाली जाते तवा दबते, वर येते तवा मोकळी होते. आता या जवायाची पाहा."

सगळे वाकले. जानरावची फळी खाली जाताना दबलेली होती. आणि वर येतानाही दबलेलीच होती. तो पाय उचलतच नव्हता. वर येणाऱ्या पायडललाही तो त्याच त्वेषाने खाली रेटत होता, आणि मागून पंजाबरावचा दुसरा पाय सायकलीसकट त्याचा तो पाय वर उचलत होता. दोन्ही पायांची हीच तऱ्हा.

"म्हंजे कसं," लखीराम डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ जोर लई लावते. दोन्ही पायडलवर एकदमच लावते."

"म्हंजे असं," पुंजाजी कंबर सरळ करत म्हणाला, "का पंजाबराव इतके साल सायकल नाही चालवत. जानरावले चालवते."

लोक हसले. जानराव सायकलवरून उतरला. हसणाऱ्यांपैकी कोणावर आधी धावून जावं हे त्याला ठरवता येईना. चेहरा पळसासारखा लाल झाला होता. त्याने अंजनाकडे पाहिलं. निदान ही तरी आपली बाजू घेईल.

"मले काय पाहून राह्यले?" अंजना म्हणाली. "घरीबी तुमी असेच आहा. एकदा धरलं का धरलं. मागल्या पोळ्याच्या सणाले भाजी खारट झाली व्हती, ते अजून बोलता. पाय उचलत जा ना थोडा. दुसऱ्याचंबी काम हलकं व्हईन."

एवढं बोलून ती वच्छलाकडे गेली आणि तिने बहिणीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. दोघी तिथेच रडल्या आणि रडता रडता हसल्या. जानरावला यातलं काहीच आवडलं नाही. पण बाकावर उभं राहून बोललेला शब्द होता, आणि तो ऐकलेलं सगळं गाव शेंगा खात समोर बसलं होतं.

"बसा भाऊ," पंजाबराव जागा होऊन, डोळे चोळत सीटवर चढला. निकाल त्याला घोळक्यातल्याच कोणीतरी सांगितला होता. "उन्हात कायले उभे राह्यले?" जानराव मात्र त्या दिवशी पायीच घरी गेला.

सोमवारी सकाळी जानराव आयुष्यात पहिल्यांदा कॅरिअरवर बसला. निघताना त्याने बायकोला सांगितलं नाही की सायकल कोणाच्या पायावर चालते. गाव ओलांडेपर्यंत तो पुंजाजीवर चिडला होता. चढ लागेपर्यंत लखीरामवर. चढावर बायकोवर. मग समोरून वारा आला, आणि वाऱ्यावर चिडावं म्हणून त्याने मान वर केली, तर वारा लागतच नव्हता. पुढे पंजाबरावची रुंद पाठ होती. पोती वाहून वाहून भिंतीसारखी झालेली. तिच्या आडोशाला सावली होती, आणि सायकल अशी सुरळीत चालली होती की जशी याआधी कधी चाललीच नव्हती. चिडायला काही सापडेना. जानरावने पाय खाली सोडले आणि कपाळ त्या पाठीला टेकलं.

"भाऊ, दाबून राह्यले ना?" पंजाबरावने विचारलं.

मागून उत्तर आलं नाही.

रिसोडच्या नाक्यावर पंजाबरावने हलकेच ब्रेक लावला. जानराव दचकून जागा झाला, तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं.

"आलं बी रिसोड?" तो म्हणाला. "लवकर आलं आज."

"हो ना भाऊ. बिलकूल जड लागलं नाही."

जानराव खाली उतरला, टोपी सारखी केली आणि घसा खाकरला.

"कसं लागीन बे?" तो गुरकावला. "मागून मी दाबून राह्यलो ना."

लखीरामच्या दोन्ही घंट्या अजून पायडलवरच होत्या. पुढच्या पायाखालची फाट्यापासून नाक्यापर्यंत सारखी वाजत आली होती. मागच्या पायाखालची एकदाही वाजली नव्हती, आणि आता ती बिघडली असेल असं म्हणायची सोयही जानरावला राहिली नव्हती.